ब्रेंकेसाहेबांच्या खुर्चीवरची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे आणि एका जर्मन पुढाऱ्याची कारकीर्द मी घडवली आहे. म्हणजे मी त्याच्या खुर्चीच्या पाठीवर पडून होते.

माझा जन्म म्हसवडचा. रंगूबाईने आपल्याच कोकरांचं जावळ कातलं, सणगराने मागावर विणून चिंचोक्याची खळ दिली. तो सणगर पुढे शिरवळला कारखान्यात लागला आणि माग मोडला. म्हणून मला धाकटी बहीण नाही.

पावसात आडोसा, रानात अंथरूण, एवढं काम मी बिनतक्रार करत असे. शिवाय गावात मोठा माणूस आला की पंचायत सदस्य उदयसिंह मला उसनी नेत. पाहुण्याच्या खांद्यावर घालायची, फोटो काढायचा, गाडीपाशी परत घ्यायची. आमच्याकडच्या पुढाऱ्यांना ही रीत पाठ असते. चार पक्षांचे खांदे मी पाहिले. घाम सगळ्यांचा सारखाच.

एकदा जर्मनीहून ब्रेंके नावाचे पत्रकार पठारावरच्या पवनचक्क्या पाहायला आले. विचारांनी कडवे उजवे. परदेशी माणसं आणि पवनचक्क्या, या दोहोंचा त्यांना भारी राग. सत्कार ठरला. रंगूबाईचा नवरा गुंडा, त्याने तिला न विचारताच मला उदयसिंहांकडे उसनं दिलं. वर उदयसिंहांनी माझ्या कोपऱ्याला आपलं नाव आणि मोबाइल नंबर छापलेली सॅटिनची फीत शिवून घेतली.

साहेबांनी दुभाष्यामार्फत विचारलं, “या पंख्यांना मेंढ्या भितात का?”

“भ्यायला काय झालं?” गुंडा म्हणाला. “खांबाच्या सावलीला बसत्यात की निवांत.”

साहेबांनी वहीत बरंच काही लिहिलं आणि मला पांघरूनच गाडीत बसले. पाहुण्याच्या अंगावरून वस्तू ओढायची कशी? सगळे नुसते हात हलवत राहिले.

“माजी घोंगडी आल्याबिगर माज्याशी बोलू नगा,” रंगूबाई गुंडाला म्हणाली. आणि खरंच बोलेना.

तिकडे छापून आलं, की पवनचक्कीच्या धाकाने मेंढ्या पळाल्या आणि मेंढपाळाने रडत आपली शेवटची घोंगडी दिली. लेख गाजला. साहेब मला सभांत उंचावून दाखवू लागले, निवडून आले, संसदेत गेले. परदेशी काही नको, असं तासभर सांगत आणि थंडी वाजली की मलाच गुंडाळून घेत. पुढे पक्ष फुटला. साहेब नव्या पक्षात गेले, तिथे त्यांचंच तिकीट कापलं गेलं. कार्यालय आवरणाऱ्या बाईने फितीवरच्या नंबरावर फोन लावला. उदयसिंहांच्या लेकीने, प्रांजलने, इंग्रजीत पत्ता सांगितला.

साडेतीन वर्षांनी उदयसिंहांच्या दारात पार्सल फुटलं. गुंडा आणि रंगूबाई दोघंही धावत आली.

“गुंडा, रविवारी पाहुणं येणार हायती,” उदयसिंह म्हणाले. “तेवढी ऱ्हाऊ दे गड्या.”

गुंडाने तोंड उघडायच्या आत रंगूबाई पुढे झाली. “आवं, तुमची शाल घाला की त्यास्नी!” तिने फीत दाताने उसवली, त्यांच्या हातावर ठेवली आणि मला खांद्यावर टाकलं.

वाटेत ती नवऱ्याला म्हणाली, “च्या घ्यायचा का?”

गुंडाने एवढा मोठा श्वास सोडला, की बरोबरचं कुत्रं दचकलं.

मित्रांनो, सत्काराची वस्तू कुणाची आहे, ते आधी विचारत जा. आम्हाला ऊन दाखवा, कसरीपासून जपा. बाकी माझी तक्रार नाही.

सध्या मी पवनचक्कीच्या खांबाच्या सावलीत अंथरलेली आहे. मेंढरंही इथंच बसतात.