मुकी फरशी

थोरल्या जावेने वरच्या खोलीत नवी फरशी घातली आणि त्या दिवसापासून धाकटीला ऐकू येईनासं झालं.

म्हणजे कान ठणठणीत होते. गल्लीच्या तोंडाशी भंगारवाला ओरडला तरी तिला समजायचं की आज त्याचा घसा बसलाय. ऐकू येत नव्हती ती फक्त तिची स्वतःची लेक.

घर दोन मजली. वर थोरले दीर-जाऊ, खाली धाकटी, तिचा नवरा आणि वर्षाची मुलगी. धाकटी शिवणकाम करायची, पुढच्याच खोलीत मशीन. मुलीला ती गुंडी म्हणायची, कारण जन्मली तेव्हा ती तेवढीच होती, गोल आणि बारीक डोळ्यांची. गुंडी रांगायला लागली आणि पंचाईत झाली. शिवणाऱ्या बाईच्या खोलीत टाचण्या असायच्याच, आणि रांगणारं मूल दिसेल ते उचलून तोंडात घालणारच. तेव्हा थोरलीच म्हणाली की तू शिवत बसशील तेवढा वेळ तिला माझ्याकडे दे. तिचे दोन्ही मुलगे शिकायला बाहेरगावी गेलेले, घर खायला उठायचं. मग सकाळची आंघोळ झाली की गुंडी वर जायची आणि दुपारच्या चहाला खाली यायची.

सुरुवातीला धाकटीला काही वाटलं नाही, कारण छत तिला सगळं सांगायचं. तळहातांची थप थप खिडकीकडे गेली म्हणजे चिमण्या आल्या. कपाटाकडे गेली म्हणजे आता काहीतरी पडणार, आणि पडायचंच. धाकटी मशीन चालवता चालवता वर बघून म्हणायची, "ए बाई, पुरे." एकदा मापं द्यायला आलेली बाई बावचळून गेली होती, तिला वाटलं आपल्यालाच म्हणतेय.

पुढे गुंडी पलंगाला धरून उभी राहायला लागली आणि धपकन बसायला लागली. प्रत्येक धपक्याला खाली धाकटीचा पाय पायडलवरून सुटायचा. एका गणवेशाची कॉलर त्यापायी अशी तिरकी गेली की तो घालणारा मुलगा कायम एका खांद्याकडे बघत असल्यासारखा दिसला असता. ती उसवताना धाकटीने हसत हसत ही गोष्ट थोरलीला सांगितली. तेवढंच निमित्त झालं.

थोरलीने कुठल्याशा दुकानात त्या फरश्या पाहून ठेवल्या होत्या. वरून लाकडासारख्या, खालून स्पंजाचा थर. सिमेंट नको, गवंडी नको. जुन्या फरशीवरच एकीचा दात दुसरीच्या खाचेत बसवत जायचं, आणि रबरी हातोडीने ठोकायचं. रविवारी जेवणं झाल्यावर दीर-जाऊ कामाला लागले, धाकटीचा नवराही मदतीला गेला, आणि चहापर्यंत खोली झाली. नवरा खाली आला तो तोंड भरून कौतुक करत. पाय ठेवला की खालून कुणीतरी अलगद उचलून धरतंय असं वाटतं, म्हणाला. धाकटी म्हणाली, मग राहा तिकडेच.

"तुझ्यासाठीच गं सगळं," थोरली म्हणाली. "आता ती पडली तरी लागायचं नाही, आणि तुला आवाजही यायचा नाही. शांतपणे शीव."

शांतपणे शीव म्हणे. सोमवारी सकाळी धाकटी मशीनवर बसली आणि वर कुणी नसल्यासारखंच झालं. थप नाही, धप नाही, वाटी पडली तरी नाही. ती मशीन थांबवून कानोसा घ्यायची. काही नाही. आत्तापर्यंत गुंडी वर असली तरी तिच्याजवळच होती. आता ती खरोखरच दुसऱ्याच्या घरी गेली होती.

आणि मग धाकटीचं मन नको तिथे जायला लागलं. आत्ता ती ताईंच्या मांडीवर असेल. आत्ता हसत असेल, ते नाक चढवून हसते तसं. मीठ संपलं म्हणून, घड्याळात किती वाजले म्हणून, काही ना काही काढून ती वर जायची, आणि दार उघडलं की दिसायची ती रीतसर बसलेली गुंडी आणि शेजारी रीतसर बसलेली थोरली. काही घडत होतं आणि आपण गेल्याबरोबर थांबलं, असं धाकटीला वाटायचं. पायाखाली ती फरशी गुबगुबीत लागायची. ते सुख आवडलेलं तिला आवडायचं नाही.

खाली आणताना गुंडी रडायची. तिच्या टाळूला थोरलीच्या तेलाचा वास यायचा. एक दिवस तिने हात हलवून टाटा केला, तोही मूठ उघड-मीट करून, आणि धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण घरात तसा टाटा एकच बाई करायची. संध्याकाळभर मग ती गुंडीला कडेवरून खालीच ठेवायची नाही. खालची फरशी गार आहे, म्हणायची. भाजी चिरताना कडेवर, दिवा लावताना कडेवर. नवरा म्हणाला, तिच्या पायांना जमीन माहीत तरी होऊ दे. धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागला.

एकदा गुंडीला घ्यायला गेली तेव्हा थोरली म्हणाली, आता चालेलच बघ ही, आज ना उद्या.

"चालू दे," धाकटी म्हणाली. "पण पहिलं पाऊल मी बघणार हं, ताई. बाकी काय ते सगळं तुम्ही बघा."

म्हणताना ती हसली, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे दोघींनाही कळलं. थोरली गुंडीचं झबलं खाली ओढत राहिली, ते आधीच नीट होतं तरी.

त्यानंतर धाकटी त्याच दुकानात गेली. दुकानदार माहिती सांगू लागला, तर तिने मध्येच विचारलं की आमच्या जाऊबाईंनी नेल्या त्यापेक्षा जाड कुठली. जाड होती. तीच घेतली. खोकी दिवसभर खोलीत पडू द्या, फरशीला हवा लागू द्या, असं त्याने बजावलं होतं, तेवढा एक दिवस तिने कसाबसा काढला आणि दुसऱ्या दिवशी मशीन ओट्यापाशी ढकलून नवऱ्याला कामाला जुंपलं. त्याला आता अनुभव होता. तो हातोडी ठोकत म्हणाला, ही पण झकास, तेव्हा तिने विचारलं, पण कुठली जास्त? शहाणा माणूस, त्याने खिळा नसतानाही तोंडात खिळा असल्यासारखं तोंड मिटून घेतलं.

खाली डोकावलेल्या थोरलीला तिने दारातच सांगितलं की उद्यापासून गुंडी खालीच राहील, तुम्हाला उगाच किती दिवस त्रास. थोरली म्हणाली, त्रास कसला. मग दाराच्या चौकटीला हात लावून खोलीभर बघत उभी राहिली, आणि हळूच म्हणाली, "आणि टाचण्या?"

"मी काय आजच शिवायला लागलेय का, ताई?"

थोरली वर गेली. तिच्या पावलांचा आवाज जिन्यापर्यंत आला आणि मग विझला.

दुसऱ्या दिवशीची सकाळ धाकटीला स्वर्गासारखी गेली. मशीनभोवती आडवा बाक टाकून तिने हद्द आखली होती, बाकाच्या अलीकडे आपण आणि पलीकडे गुंडी. गुंडी लोळली, रांगली, रिकाम्या रिळांशी बोलली. धाकटी एका फ्रॉकला अस्तर लावत होती, टाचणी काढायची, ओठांत धरायची, पुढे शिवायची, आणि मधूनमधून नुसतंच बघायची. बघायला मिळणं हेच केवढं होतं. मध्येच बाकाच्या कडेने गुंडी अलीकडे आली तरी तिने तिला हाकललं नाही. टाचणी पडली तर कळेलच की. इतकी वर्षं कळत आली होती. फरशीवर टिण्ण झालं की मान न वळवता तिचा हात बरोबर तिथे जायचा.

कापडाची बाजू फिरवताना तिने वर पाहिलं, तर गुंडी उभी होती. बाकाला धरलेला हात तिने सोडला. आणि चालायला लागली.

धाकटीने हातातलं कापड सोडलं. एक पाऊल, मग दुसरं, पोट पुढे, एक मूठ समोर धरलेली, तोंडभर हसू. माझ्याकडे येतेय, माझ्याकडेच. डोळे भरून आले आणि त्या पाण्यातच तिला मुठीत काहीतरी चमकलेलं दिसलं.

गुंडीने टाचणी धरली होती. टोक वर.

ओरडलं असतं तर पोर दचकून पडलं असतं, आणि पडलं असतं ते त्या टोकावरच. धाकटी जागची हलली नाही. तिने तळहात पसरला आणि जितकं मऊ बोलता येईल तितकं मऊ म्हणाली, ये. गुंडी आली. टाचणी आईच्या हातावर ठेवली, नीट, जणू हे तिला सांगितलेलंच काम होतं. आणि मग पडली नाही, बसली नाही. टाचेवर गर्रकन वळली आणि दुसरी आणायला निघाली.

धाकटीने तिला कमरेत पकडून उचललं. मग एका हाताने ती फरशी चाचपत गेली. टाचण्या होत्या. एक बाकापाशी, एक मशीनच्या पायाशी, एक तर फरशीच्या सांध्यात उभी रुतलेली. सकाळभर पडत होत्या आणि एकीनेही तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

ती वर गेली तेव्हा थोरली पलंगावर बसली होती, हातात काही नसताना. गुंडीला बघून तिचे हात आपोआप पुढे आले आणि तिने ते मागे घेतले. धाकटीने गुंडीला त्या हातांत दिलं. खाली काय झालं ते सांगितलं. थोरलीने गुंडीचे तळवे, बोटं, ओठ, सगळं तपासलं, दोनदा.

मग धाकटीने विचारलं, "कधीपासून चालते ही?"

"चालली?" थोरली म्हणाली. "अगं बाई. आज?" इतकं वाईट नाटक त्या घरात कुणी केलं नसेल.

"ताई, ती वळली. पहिल्याच दिवशी कुणी वळतं का?"

थोरलीने गुंडीच्या पाठीवरून हात फिरवला. "झाले की काही दिवस," ती म्हणाली. "तू पहिलं पाऊल मागून घेतलंस त्याच्या आधीच टाकून बसली होती ती. काय सांगणार होते मी तुला? म्हटलं, तुझ्यासमोर चालेल तेच पहिलं. रोज खाली नेलीस की मी इथे कान लावून बसायचे, आता ओरडेल, आता हाक मारेल. पण तू तिला खाली ठेवशील तर ना. सारखी आपली कडेवर. आणि या फरशीतून मला तरी कुठे काही ऐकू येतंय."

थोरली वाईट वागली असती तर बरं झालं असतं. धाकटीने भांडण तयार ठेवलं होतं, कितीतरी दिवस घोटून घोटून, आणि आता ते ठेवायला जागा नव्हती. जळणं मात्र होतं तिथेच होतं. ते काही कमी झालं नाही.

"सांगा मला," ती म्हणाली. "कशी चालली ते. काही गाळू नका."

थोरलीने सांगितलं. ती कपाटातून चादर काढत होती, चादरीचं टोक लोंबत होतं, ते पकडायला गुंडीने पलंग सोडला. सांगून भागेना तेव्हा थोरली स्वतः उठली, पोट पुढे काढून, हात फाकून, डुलत डुलत पलंगापासून कपाटापर्यंत चालून दाखवलं. गुंडी खदखदून हसली. धाकटीलाही हसू आलं, रडताना येतं तसं.

"आधी कुठला पाय टाकला?"

"पायाकडे कोण बघतंय. मी तोंडाकडे बघत होते."

हेही तिचंच झालं, धाकटीच्या मनात आलं. तोंडही तिनेच पाहिलं.

"तुम्ही मला हाक मारायला हवी होती," ती म्हणाली. "पडली, हसली, काहीही केलं तरी. पाय आपटायचा जोरात."

"आपटून बघ की," थोरली म्हणाली.

धाकटीने पाय आपटला. फरशीने तो मुकाट्याने गिळला. दोघी खाली बघत राहिल्या. मग थोरली स्वयंपाकघरात गेली, उलथनं घेऊन आली आणि खिडकीखाली गुडघ्यांवर बसली. स्वतःच्या हाताने ठोकून बसवलेल्या, पाहुण्यांना अनवाणी चालायला लावून दाखवलेल्या त्या फरशीत तिने भिंतीच्या कडेने उलथनं खुपसलं. एक तुकडा कुरकुरत निघाला. खाली जुनी फरशी, गार आणि कडक.

"जा खाली," ती म्हणाली.

धाकटी जिना उतरून मशीनपाशी उभी राहिली. छतातून ठक ठक आलं, स्पष्ट.

खालच्या खोलीतली नवी फरशी नवऱ्याने त्याच रविवारी काढून झोपायच्या खोलीत नेली. गुंडी पुन्हा वर जायला लागली आणि उलथनं खिडकीशी राहायला लागलं. थोरली कशालाही वाजवायची. गुंडीने चप्पल उलटी घातली, ठक ठक. शिंकली, ठक ठक. धाकटी अर्धी कॉलर सोडून धावायची आणि बहुतेक वेळा उशिरा पोचायची, मग थोरली करून दाखवायची. गणवेश रखडले, दोन बायका येऊन बोलून गेल्या.

एका दुपारी ठक ठक झालं, अगदी हळू. धाकटी वर गेली तर गुंडी थोरलीच्या मांडीवर गाढ झोपलेली, तोंड उघडं, एक मूठ थोरलीच्या पदरात.

"माझा पाय बधिर झालाय," थोरली कुजबुजली. "घे हिला."

पाय बधिर झालेला नव्हता. बधिर झालेल्या पायाचा अंगठा असा तालात हलत नाही. धाकटी वाकली, हात पुढे केले. पदरात अडकलेली ती मूठ तिला सोडवावी लागली असती. नेहमीचं जळणं आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

"झोपू दे," ती म्हणाली. "उठली की वाजवा."

खाली येऊन ती मशीनवर बसली. सुईखाली अर्धी शिवलेली बाही तशीच होती. पायडलवर पाय ठेवायला तिला जरा वेळ लागला.