भिंतीपलीकडचा फेस

धाकटीची मोरी तुंबली की हाक मारायच्या आत दादा हजर. धाकटी साठीला टेकली तरी सगळ्यांची धाकटीच होती. थोरला भाऊ मधल्या भिंतीपलीकडे राहायचा, कारण वडिलांच्या जुन्या घराचे दोघांत दोन भाग झाले होते. लांब सळई घेऊन तो यायचा, अंगणातलं चेंबर उघडायचा, कोपरापर्यंत हात घाण करायचा आणि जाताना चार शब्द सुनावायचा.

"केस जातात तुमचे. पोरीला म्हणावं, डोकं नदीवर जाऊन धू."

धाकटीला त्यातही मायाच दिसे. नवरा गेल्यापासून तिच्या जमेच्या बाजूला हा एकच माणूस उरला होता, आणि भेटेल त्याला ती त्याचं कौतुक सांगत फिरे. त्याच्या शब्दाखातर तिनं लेकीमागे अशी भुणभुण लावली की तिरीमिरीत पोरगी कमरेपर्यंतचे केस कापून आली. "आता तुंबली तर मामाचे केस शोध," म्हणाली. मामाला टक्कल होतं.

मोरी पुन्हा तुंबलीच. मग लेकीनं पाइपात कॅमेरा सोडून बघणारा कॅमेरेवाला बोलावला.

"काय खूळ हे!" दादा म्हणाला. "म्हाताऱ्याच्या पोटात कॅमेरा घालून काय दिसणार? म्हातारपण!" तरी खुर्ची ओढून पडद्यासमोर सगळ्यात आधी तोच बसला.

कॅमेरेवाल्यानं घरातले नळ बंद करवले आणि चेंबरमधून वायर रस्त्याच्या दिशेनं आत सोडली. पडद्यावर चिनीमातीचा तपकिरी पाइप सरकू लागला.

"पाइप ठणठणीत आहे, मावशी."

"झालं तर!" दादा उठला. "घ्या बाहेर. पुढे रस्ताच आहे."

"काका, अजून अंगण कुठं संपलंय?"

वायर थोडी पुढे गेली नि थांबली. पाइप एका बाजूनं फोडून त्यात पांढरा प्लॅस्टिकचा पाइप घुसवला होता. त्याचं टोक वीतभर आत आलेलं, आणि त्याला दोऱ्या, चिंध्या, साबणाचा राप लोंबत होता.

"हे बघा तुमचं दुखणं. येईल ते याला अडकतंय. जोड कुणी मारला हा?"

"जुना असेल," दादा म्हणाला. "बाबांच्या वेळचा."

तेवढ्यात त्या पांढऱ्या तोंडातून भसकन फेस आला. पडदा पांढराफेक.

"नळ बंद करा म्हटलं होतं ना?"

"बंदच आहेत," लेक म्हणाली.

दादा ताडकन भिंतीकडे वळून ओरडला, "अगं, मशीन बंद कर आधी!"

पलीकडून वहिनींचा आवाज आला, "गेला का तो कॅमेरेवाला?"

लेकीला हसू फुटलं आणि अर्ध्यातच विझलं. धाकटी पायाखालच्या फरशीकडे बघत राहिली. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात ती दवाखान्यात राहत होती, घराची चावी दादाकडे होती. परतली तेव्हा अंगणात ही नवी फरशी. "तुला चार घटका बसायला," तो म्हणाला होता, आणि त्या दुःखातही ती कृतज्ञतेनं रडली होती.

"दादा, फरशी यासाठी घातलीस?"

"आमची लाइन खचली होती गं. नवंकोरं स्वयंपाकघर फोडावं लागलं असतं. तुझ्या डोक्याला तेव्हा आधीच ताप, म्हणून बोललो नाही. सांगणारच होतो."

"आणि धावत यायचास ते?"

"इथं तुंबलं की आमच्याकडेही चढतं ना."

"आणि पोरीचे केस?"

दादानं टकलावरून हात फिरवला. "काहीतरी कारण तर सांगायला हवं होतं."

कॅमेरेवाल्यानं खाकरून विचारलं, "मावशी, काय करू? आत आलेलं टोक कापलं तर दोन्ही घरांचं चालेल. नाहीतर फरशी फोडून ते तोंड कायमचं बंद करतो."

"काप रे, काप," दादा म्हणाला. "घरातलाच मामला आहे."

खोटं पकडलं गेल्याची लाज त्याच्या चेहऱ्यावर कुठं दिसते का, ते धाकटीनं निरखून पाहिलं. दिसली ती फक्त सुटकेची घाई. माफ झालंच, असं तो धरून चालला होता.

"फोडा," ती म्हणाली.

"अगं, आणि आमचं पाणी? कुठं सोडू मी?"

धाकटी लेकीकडे वळून म्हणाली, "मामा निघालेत. दारापर्यंत सोडून ये."