लाकडाचा अंगठा

मित्रांनो, या देशाच्या लोकशाहीचा इतिहास लिहायला घ्याल, तेव्हा माझ्यासाठी एक पान राखून ठेवा. एकोणीसशे सदुसष्ट साली एका अख्ख्या मतदारसंघाचे भवितव्य माझ्या टोकावर उभे होते. हल्ली त्या टोकाने ईरण्णा कान कोरतात.

मी एक जुनी पेन्सिल आहे. खरे म्हणजे पेन्सिलीचा तुकडा आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा मी वीतभर होते आणि अंगावर लाल-काळे पट्टे होते. मुडबीच्या बाजारात नलिनीबाईंनी मला विकत घेतले आणि घरी गेल्या गेल्या विळीवर माझे तीन तुकडे केले. मी मधला. त्यामुळे मला ना कारखान्याचे नाव, ना डोक्याला रबर. माझ्या हातून झालेली चूक मला कधीच खोडता आली नाही, हे पुढची हकीकत ऐकताना ध्यानात असू द्या.

नलिनीबाई मास्तरीण होत्या. म्हैसूर राज्याच्या सीमेवरच्या आमच्या मेहकर गावात, धर्मशाळेत दुपारच्या वेळी त्या बायकांचा वर्ग घेत. शेतातून आलेल्या बायका हातपाय धुऊन बसत. पेन्सिली कमी आणि बायका जास्त, म्हणून तुकडे करावे लागत. वर्गाच्या भिंतीवर बाईंनी कोळशाने लिहिले होते, 'अंगठा लावू नका. सही करा.' रोज वर्ग सुटताना हे सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचे. गुरुबाई नावाची बाई पहिल्यांदा स्वतःची सही करू शकली, तेव्हा बक्षीस म्हणून मी तिला मिळाले. तिने मला अंबाड्यात खोचले. तेच माझे घर झाले.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर कुणाची हरकत नव्हती. पण एके दिवशी गुंडेरावांचा कारभारी कागद घेऊन गुरुबाईकडे अंगठा मागायला आला.

"आधी वाचते," गुरुबाई म्हणाली.

"वाचतीस? कामून?"

"शिकायलेय ना. वाया कामून घालू?"

गुंडेराव म्हणजे आमचे आमदार. धर्मशाळा त्यांच्या आजोबांनी बांधलेली. त्यांनी निवडणुकीच्या पहिल्याच सभेत सांगून टाकले, "बाया अक्षरं गिरवायल्यात आन् गड्यांच्या भाकरी करपायल्यात. निकाल लागू द्या. दुसऱ्या दिवशी धर्मशाळेला कुलूप."

त्यावर नलिनीबाईंनी नोकरीचा राजीनामा दिला आणि स्वतःच अर्ज भरला. पक्ष नाही, जीप नाही. चिन्ह मिळाले कंदील. हरल्या तर नोकरीही गेली आणि वर्गही गेला, हे त्यांनाही ठाऊक होते आणि गुंडेरावांनाही.

बाई गावोगाव फिरल्या. मतपत्रिकेचा नमुना हातात धरून दाखवत, "हा कंदील. याच्यावर शिक्का मारायचा. शिक्का केंद्रातच मिळतो." मराठीतून सांगत, कानडीतून सांगत, अडले तर दखनीतूनही. पस्तीस गावांना त्यांनी हे समजावले. छत्तिसावे गाव मेहकर. तिथे नाही समजावले. त्यांचे भाऊ अच्युतराव म्हणाले, "अक्का, मेहकरात एकदा सांगून ये."

"माझा वर्ग आहे तो," बाई म्हणाल्या. "त्यांना काय सांगायचं?"

मित्रांनो, चांगल्या मास्तरणीचा घात बहुधा पहिल्या बाकावरून होतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी वर्गातल्या बायका विहिरीवर जमल्या. गौरम्मा, गुरुबाईची नणंद, केंद्रावरच्या तयारीत डोकावून आली होती.

"वैनी, शिक्का बघून आले. लाकडाची मूठ हाय. शाईत बुडवायचा आन् दाबायचा."

"म्हंजे अंगठाच की," गुरुबाई म्हणाली. "लाकडाचा."

बाईंसाठी मत द्यायचे आणि तेही अंगठा लावून! दोन वर्षे शिकून! अंबाड्यात मी ताठ झाले. माझी वेळ आली आहे, हे मला कळले.

दुसऱ्या दिवशी बायकांची रांग शाळेच्या भिंतीला लागून उभी होती. गुरुबाई आत गेली. फळीआड शिक्का दोरीला बांधलेला होता. तिने त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले, मला अंबाड्यातून काढले आणि कंदिलाशेजारी लिहिले, 'नलीनीबाई'. बाहेर येताना तिने मला मागच्या बाईच्या मुठीत सरकवले. तिने तिच्या मागचीला. मी एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात प्रवास करत राहिले. नवव्या की दहाव्या बाईपाशी हवालदार थांबला.

"ए बाई, सारखा डोक्यात हात कामून जायलाय? काय हाय तिथं?"

"उवा हायत. बघतोस?"

हवालदार दोन पावले मागे सरला. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी इतकी झिजले की संध्याकाळी गुरुबाईला माझे टोक विळीवर दोनदा काढावे लागले. मी फार खूश होते. मित्रांनो, मला तेव्हा कुणी मतदानाचे नियम शिकवलेले नव्हते.

मोजणी तालुक्याच्या गावी होती. उमेदवारातर्फे मोजणीला बसणाऱ्या माणसाला कागदावर सही करावी लागते. बाई म्हणाल्या, "गुरुबाई बसेल." गुरुबाईने माझ्याने नाही, शाईने सही केली, पण आकडे टिपायला मी होतेच. समोर गुंडेरावांतर्फे कल्लप्पा बसला होता, जाड भिंगांचा चष्मा लावून.

सकाळपासून कधी गुंडेराव पुढे, कधी बाई. दुपारी तीनला सगळ्या पेट्या संपल्या आणि बाई एकशे बारा मतांनी मागे होत्या. राहिली होती फक्त मेहकरची पेटी. अच्युतरावांनी घाम पुसला आणि हसले. मेहकर आपले, हे सगळ्यांनाच माहीत होते. कल्लप्पानेही चष्मा काढून खिशात ठेवला.

पेटी उघडली. कंदील, कंदील, एक गुंडेराव, कंदील. फरक नव्वद, साठ, चाळीस. मग मोजणाऱ्याचा हात थांबला. त्याने एक मतपत्रिका वेगळी ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. वेगळा गठ्ठा वाढू लागला. बाई उभ्या राहिल्या. माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे लाकडावर जेवढा येऊ शकतो तेवढा.

शेवटी फरक उरला एकोणीस. वेगळ्या गठ्ठ्यात त्रेचाळीस.

मोजणीचे मोठे साहेब म्हैसूरकडचे. त्यांना मराठी वाचता येत नव्हते. त्यांनी कारकुनाकरवी विचारले, यावर काय लिहिले आहे?

गुरुबाई उठली. "मी वाचते साहेब." आणि ती वाचू लागली. न अडखळता. "नलिनीबाई. नलिनीबाई. नलिनीबाई." बेचाळीस वेळा. त्रेचाळिसावा कागद कानडीत होता. तो साहेबांनी स्वतः वाचला. "गौरम्मा."

"तिनं सोताचं लिव्हलं व्हय!" गुरुबाई म्हणाली.

कल्लप्पाने चष्मा परत लावला. "गुरुबाई, शिक्का मारायचा होता. निबंध न्हाई."

"शिक्का म्हंजे लाकडाचा अंगठाच की. बाई म्हनल्या, अंगठा लावायचा न्हाई. आमी सही केली. साहेब, पहिलं अक्षर माझंच हाय."

"बस खाली," अच्युतराव दात आवळून म्हणाले. "कुणी लिहिलं ते सांगितलंस तर मत आणखीच बाद होतं!"

"आणखीच म्हंजे? बादच हाय का?"

साहेबांनी नियमाचे पुस्तक दोनदा चाळले, तिसऱ्यांदाही चाळले. शिक्का नाही, हस्ताक्षर आहे. बाद. सांगताना त्यांनी गुरुबाईकडे पाहिले नाही.

नलिनीबाईंनी गठ्ठा पाहण्याची परवानगी मागितली. हात लावायचा नव्हता. कारकून एकेक कागद धरत होता आणि त्या वाचत होत्या. त्यांची नोकरी, त्यांचा वर्ग, सगळे त्या कागदांवर माझ्या शिशाने बुडाले होते. विसाव्या कागदापाशी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले.

"लि ऱ्हस्व," त्या म्हणाल्या. "गुरुबाई, किती वेळा सांगितलं होतं, लि ऱ्हस्व आहे म्हणून."

"चुकलं बाई."

"तुझं नाही. मीच तुम्हाला सगळं सांगितलं नाही."

गुंडेराव एकोणीस मतांनी निवडून आले. दुसऱ्या दिवशी कुलूप लागले. शब्दाला जागणारा माणूस. वर्ग आता त्यातल्याच ईरम्मा नावाच्या बाईच्या खळ्यावर भरू लागला. बाईंनी पहिल्याच दिवशी बायकांना दोन गोष्टी गिरवायला लावल्या. एक, शिक्का कुठे मारायचा. दोन, धर्मशाळा उघडण्याचा अर्ज. त्या अर्जावर त्रेचाळीस सह्या झाल्या, त्यांतली मात्र एकही बाद झाली नाही. कुलूप तीन वर्षांनी निघाले. तोवर छप्पर पडले होते, पण कुलूप अगदी व्यवस्थित होते.

पुढे राज्याचे नाव बदलले, बाया शाईचे पेन वापरू लागल्या, नलिनीबाई वारल्या, गुरुबाईही वारली. मी तिच्या जावयाच्या घरी, हूक आणि बटणांच्या डब्यात आले. हे जावई म्हणजेच ईरण्णा. भला माणूस आहे. शिक्का कुठे मारायचा, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. कागद वाचायचा मात्र कंटाळा करतात.

मित्रांनो, लिहायला शिका, शिकवा, आणि शिकवाल तेव्हा पहिल्या बाकालाही सगळे सांगा. माझ्या पोटात अजून नखाएवढे शिसे आहे. चार-पाच सह्या सहज निघतील. तेव्हा ईरण्णा भेटले, तर त्यांना माझा एवढा निरोप द्या. कान कोरायचाच असेल, तर मागच्या बाजूने कोरा.