शालीचा मानकरी

राजानंदला पाहुणा लागायचा तो मोठाच. हॅम्बर्गच्या आंबेडकर जयंतीला गेल्या वर्षी आलेला प्राध्यापक त्याला अगदीच फिका वाटला होता. यंदा त्यानं थेट इंग्लंडचा माजी खासदारच गाठला! जेफ्री हॅलम. तरुणपणी ब्रिटिश फौजेतून जर्मनीत आलेला, मग चौतीस वर्षं पार्लमेंटात बसलेला, आता इथंच लेकीकडे राहणारा म्हातारा. 'समतेचे पाईक' असा बॅनर छापून झाला, शालही आली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंडळातल्या प्राचीचा फोन आला. पोरगी संशोधक, खोदल्याशिवाय चैन पडेल तर शपथ! "राजादादा, तिकडे पार्लमेंटात जातिभेदाविरुद्ध कायद्याचा ठराव आला होता ना, त्यावर ह्या हॅलमनी विरोधात मत दिलंय. रेकॉर्ड पाठवलंय तुला."

राजानंदनं वाचलं. पण बॅनर छापलेला, हॉल घेतलेला, दीडशे लोक येणार! "आल्झो, हे बघ, जुनी गोष्ट आहे. उगाच शोभा नको, गप्प बस," म्हणत त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या झाल्या. तो इंग्रजीत बोलू लागला. मंडळींच्या भारतातून आलेल्या आईवडलांसाठी प्राची मराठीत सांगत होती.

"ही शाल माझी नाही. तुमच्या हक्काचा कायदा आला, तेव्हा मी विरोधात मत दिलं. मतदारसंघातली वजनदार माणसं दुखावली असती. एका बाईनं मला पत्र लिहिलं होतं, कारखान्यात तिच्या हातचा चहा कुणी घेत नव्हतं. मी उत्तरसुद्धा दिलं नाही. फौजेत मला भित्रा म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण त्या दिवशी मी भित्राच होतो. मला लाज वाटते."

म्हाताऱ्यानं शाल काढून राजानंदच्या हातात दिली. "तुम्हाला हे ठाऊक असतं, तर मला बोलावलंच नसतं ना?"

अर्ध्या तासापूर्वी राजानंदनंच सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतलं होतं. खोटं बोलणार नाही, हे त्यात आलंच.

"नाही सर," तो इंग्रजीत म्हणाला, "आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं."

प्राचीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि माइक खाली ठेवला.

पहिल्या रांगेतून राजानंदच्या आईनं विचारलं, "काय म्हणाला गं माझा राजू?"

"तूच सांग दादा, तुझ्या आईला," प्राची म्हणाली.

आई कौतुकानं वाट बघत राहिली, आणि राजानंदला मान वर करवेना.