शेजारच्या सीटवरचे मास्तर

शहरात ज्यांना गाडी चालवता येत होती त्यातल्या निम्म्यांना ती मास्तरांनी शिकवली होती, आणि उरलेल्या निम्म्यांना ती येतच नाही असं मास्तरांचं ठाम मत होतं. स्वतःच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसून त्यांचा जन्म गेला. पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक, आणि उजवा हात सदा स्टेअरिंगच्या आसपास. समोर कुत्रं आलं, हातगाडी आली की शिकणारा गांगरायचा, मास्तरांचा हात आपोआप हॉर्नवर जायचा आणि पाठोपाठ तोंड सुटायचं. डॉक्टर असो, वकील असो, त्यांच्या बोलण्यातून कोणी सुटलं नाही.

एकुलती एक लेकही त्यांच्याच हाताखाली तयार झाली. पुढे शाळा तीच सांभाळणार हे मास्तरांनी धरूनच ठेवलं होतं, तिला विचारायचं तेवढं राहून गेलं. आणि ती गेली कुठे, तर साता समुद्रापलीकडच्या एका देशात, जिथे क्षितिजापर्यंत गवत, गवतात हत्ती नि सिंह, आणि ते बघायला जगभरातून आलेले पाहुणे. त्या पाहुण्यांना उघड्या जीपमधून फिरवायचं काम ती शिकत होती. मास्तर नातेवाइकांना सांगत, ट्रेनिंगला गेलीय, येईल परत.

बापलेकीचं फोनवर बरंच वाजलं आणि शेवटी एक करार झाला. वाटाड्याची शेवटची परीक्षा पास झाली तर ती तिथेच राहणार, नापास झाली तर मुकाट्याने घरी येऊन शाळा हातात घेणार. लेकीने शब्द दिला. मास्तरांनी परीक्षेचा दिवस विचारून घेतला आणि त्याच आठवड्याची विमानाची तिकिटं काढली. मुलीला धीर द्यायला, असं ते म्हणाले.

"धीर द्यायला, की तिचं सामान उचलून आणायला?" मास्तरीणबाईंनी विचारलं. मास्तरांना ते ऐकू आलं नाही. त्यांना सोयीपुरतंच ऐकू येत असे.

देश पाहून मात्र मास्तर गप्प झाले, आणि ही साधी गोष्ट नव्हे. लाल मातीचे डोंगर, पाखरांनी पांढरं झालेलं तळं, आणि नजर अडेल असं मध्ये काहीच नाही. एक जिराफ रस्ता ओलांडण्याआधी थबकला आणि त्याने दोन्हीकडे पाहिलं, तेव्हा मास्तर म्हणाले की आमच्या चौकातल्या लोकांपेक्षा याला अक्कल जास्त आहे. मुक्कामाच्या जेवणघरात एकेका टेबलावर चार-चार भाषा चालायच्या. डोंगराकडचे, तळ्याकाठचे, गुरं राखणारे, शहरातून आलेले, सगळे तिथे कामाला. लेक आचाऱ्याशी एका भाषेत हसायची, मेकॅनिकशी दुसऱ्या भाषेत भांडायची. घरी हीच पोर पाहुणे आले की आत जाऊन बसायची. मास्तरांना कौतुक वाटलं आणि लगेच त्या कौतुकाचा रागही आला.

परीक्षा घेणार होत्या तिथल्या मुख्य वाटाड्या. पिकल्या केसांची, भक्कम अंगाची बाई. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. खरे पाहुणे घेऊन सकाळची फेरी पार पाडायची, एवढीच परीक्षा. पाहुणे म्हणून आईबाप चालतील का, असं लेकीने विचारलं तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, चालतील की, पाहुणा तो पाहुणा.

मास्तर सवयीने ड्रायव्हरशेजारी बसले, मास्तरीणबाई आणि मोठ्या बाई मागे. निघण्याआधी लेकीने मागे वळून आईला नियम सांगितले. उभं राहायचं नाही, आवाज करायचा नाही, गाडीतल्या कशालाही हात लावायचा नाही. मग ती वडिलांकडे वळली, घुटमळली आणि म्हणाली, "बाबा, बेल्ट लावला ना?" त्यांना गाडीतलं काय सांगायचं? त्यांनीच तर सगळं शिकवलेलं.

फेरी झकास चालली होती. वाळलेल्या नाल्याच्या वळणावर एकदम हत्तीण समोर आली, पायात घुटमळणारं पिल्लू घेऊन. लेकीने गाडी अलगद थांबवली आणि इंजिन बंद केलं. हत्तीण आपली निवांत उभी होती. निवांत नव्हते ते मास्तर. त्यांचा पाय पत्र्यावर ब्रेक शोधत होता, तो काही सापडेना, आणि काही कळायच्या आत उजवा हात पुढे गेला आणि हॉर्न वाजला. चांगला खणखणीत.

पाखरं उडाली. हत्तिणीने कान पसरले, पिल्लाला मागे घातलं आणि धूळ उडवत ती सरळ गाडीवर चालून आली. मास्तरांनी डोळे मिटले. "कोणी हलू नका," लेक म्हणाली, हळू आणि स्पष्ट. मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा हत्तीण बोनेटपाशी उभी होती आणि लेकीचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. एक बोटसुद्धा थरथरत नव्हतं. ती हत्तिणीशी खालच्या आवाजात काहीबाही बोलत राहिली. हत्तिणीने जोराने श्वास सोडला, मान झटकली आणि पिल्लाला घेऊन ती झाडीत निघून गेली.

परत आल्यावर मोठ्या बाई लेकीशी बाजूला बोलल्या. लेक आईबापांकडे आली आणि तिने नापास झाल्याचं सांगून टाकलं. हॉर्नबद्दल वडिलांना चकार शब्द बोलली नाही.

"शब्द दिलाय बाबा. सामान आवरायला घेते."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं होतं. पण मास्तरांना दुपारचं जेवण गेलं नाही. आजवर किती हात त्यांनी स्टेअरिंगवर बसवले असतील, पण इतके शांत हात त्यांनी पाहिले नव्हते. त्या गाडीत घाबरलेला माणूस एकच होता आणि तो स्वतः मास्तर होता. त्यांना लाज वाटली.

ते उठले आणि तडक गॅरेजकडे गेले. मोठ्या बाई जीपखालून निथळणारं तेल बघत उभ्या होत्या. दोघांनाही इंग्रजी मोडकंतोडकंच येत होतं, त्यामुळे बोलणं सरळ झालं. हॉर्न मी वाजवला, मास्तर म्हणाले, शिक्षा तिला का?

"हात तुमचा होता, मी पाहिलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यासाठी नापास नाही केलं. हत्तीपुढे ती उत्तम वागली. पण निघताना तिने आईला नियम सांगितले, तुम्हाला सांगितले नाहीत. जिला आपल्या बापाला गप्प बसवता येत नाही, तिच्या भरवशावर मी पाहुण्यांचे जीव कसे सोडू?"

मास्तरांनी पुन्हा परीक्षा घ्यायची विनंती केली. आयुष्यात प्रथमच ते कुणापुढे अजिजीने बोलत होते. मोठ्या बाईंनी थोडा विचार केला. उद्या सकाळी घेते, म्हणाल्या, पण त्याच सीटवर तुम्हीच बसायचं.

लेकीला त्यांनी बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. ती गेल्यावर मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "हातात आली होती ती. नकोय का तुम्हाला?"

"हवी आहे ना," मास्तर म्हणाले. "शाळेत हवी आहे, घरात हवी आहे, डोळ्यांसमोर हवी आहे. पण माझ्यामुळे नापास झालेली नको."

मास्तरीणबाईंनी लेकीचे घडी केलेले कपडे बॅगेतून काढून पुन्हा कपाटात ठेवायला घेतले.

सकाळी सगळे आपापल्या जागी बसले. लेकीने आईला नियम सांगितले. मग ती खाली उतरली, गाडीला वळसा घालून वडिलांच्या बाजूला येऊन उभी राहिली. आधी आवाज जरा कापला, मग लागला.

"बाबा, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. स्टेअरिंगच्या जवळपाससुद्धा आणायचे नाहीत. पाय आपटायचे नाहीत. मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. समोर काहीही येवो, गाडी माझ्या हातात आहे. जमणार नसेल तर आत्ताच उतरा. कळलं का?"

मास्तरांनी मान हलवली.

"तोंडाने सांगा."

मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायलासुद्धा हात उचलला नाही.

"कळलं मॅडम," ते म्हणाले. "चला आता."