बायकोला पहिली पसंती

बायको निवडणुकीला उभी, आणि तिलाच मत द्यायला नवऱ्याचा नकार! मिनियापोलिसच्या टॉलेफसनांच्या घरात त्या ऑक्टोबरात हेच चाललं होतं.

गेल्या हिवाळ्यात बर्फाळ फुटपाथवर घसरून आर्डिसचं खुब्याचं हाड मोडलं. रस्त्यावरचा बर्फ महापालिका काढते, फुटपाथवरचा ज्याने त्याने काढायचा. काठी टेकत चालू लागताच तिने नगरसेवकपदाचा अर्ज भरला. मागणी एकच, फुटपाथही महापालिकेनेच साफ करावेत.

"अगं, तू थोडीच निवडून येणार आहेस?" हार्लन म्हणाला. "उगाच पॉलीन व्हँगची मतं खाशील आणि तो डनलीव्ही पुन्हा आपल्या बोकांडी बसेल."

डनलीव्ही म्हणजे विद्यमान नगरसेवक, आणि पॉलीन त्याला टक्कर देणारी उमेदवार. आर्डिसच्या तक्रारीला 'जपून चाला' एवढंच उत्तर त्याने धाडलं होतं.

"म्हणजे घरचं मतसुद्धा नाही?" आर्डिसच्या डोळ्यांत पाणी आलं. हार्लनने ते पाहिलं, पण हट्ट सोडला नाही.

शनिवारी चर्चच्या तळघरात लूटफिस्क माशाचं वार्षिक जेवण होतं. ताटात काय हवं ते पसंतीक्रमाने लिहिलेल्या चिठ्ठ्या घ्यायला व्हर्ना ओयेन बसली होती. वीस वर्षं मतदान केंद्रावर काम केलेली बाई! हार्लनने तिच्यापाशी रडगाणं गायलं.

"अरे वेड्या, मतपत्रिकेवर तीन रकाने कशाला आहेत?" व्हर्ना म्हणाली. "पहिली पसंती आर्डिसला दे, दुसरी पॉलीनला. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर सगळ्यांत मागचा उमेदवार बाद. मग त्याची मतं ज्याच्या त्याच्या दुसऱ्या पसंतीला जातात. वाया कुठे गेलं तुझं मत?"

हार्लन खुलला. "मग तिन्ही रकान्यांत आर्डिसच! तिचा रुसवा तरी जाईल."

व्हर्ना खळखळून हसली. "चिठ्ठीवर तीनदा लूटफिस्क लिही आणि मासा संपू दे. जाशील उपाशी घरी! खाली मीटबॉल लिहिलेस तर ताट भरेल. आणि म्हणून तू दोनदा जेवलास असं नाही रे. ताट एकच, मतही एकच."

हार्लन वरमला. घरी जाऊन त्याने आर्डिसची माफी मागितली आणि तिची पत्रकं वाटायला निघाला.

पुढच्याच आठवड्यात पॉलीन त्यांच्या दारात! "आर्डिसबाई, तुमच्या लोकांची दुसरी पसंती मला मिळेल का?"

"फुटपाथचा शब्द चारचौघांत देता?" आर्डिसने विचारलं. पॉलीनने तो भरसभेत दिला.

पहिल्या मोजणीत डनलीव्हीला शंभरातली चव्वेचाळीस मतं, पॉलीनला पस्तीस, आर्डिसला एकवीस. आर्डिस बाद! पण तिच्या एकवीसपैकी सतरा पॉलीनकडे गेली, दोन डनलीव्हीकडे. दोघांनी पुढचा रकाना कोराच ठेवला होता. पॉलीन बावन्नवर पोचली आणि जिंकली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या फुटपाथवर महापालिकेचं यंत्र आलं. हार्लन शेजाऱ्यांना ओरडून सांगत सुटला, "पाहिलंत? हरलेल्या माझ्या बायकोने आणलंय हे!" आर्डिस काठी घेऊन बाहेर पडली आणि कोपऱ्यापर्यंत एकटी चालत गेली.

नागरिक मित्रहो, 'मतं खाईल' म्हणून कुणाला घरी बसवू नका. मनातलं नाव निर्भयपणे पहिलं लिहा. आणि तीन रकाने हाती आले, तर तिन्ही विचाराने भरा!