न तापणारी गाडी

"ह्यांला न तापणारी गाडी देऊ नगं, माय," आत्याबाई मला म्हणाल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कावेरीबाई. त्या भाकरीचं पीठ मळत होत्या, माझा शिवम कडेवर किरकिरत होता आणि माझ्या मोबाईलवर त्या नव्या गाडीचा व्हिडिओ चालू होता. मी हसले. तापत नाही हाच तर त्या गाडीचा गुण, आणि ह्या त्यालाच दोष म्हणतायत! मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. इंजिनाभोवती पाणी फिरवून ते थंड कसं ठेवतात हे मी त्यांना समजावून सांगायला लागले. त्यांनी पिठाचा हात झटकला आणि "बरं" म्हणाल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

गाडी घ्यायची होती माझ्या सासऱ्यांसाठी. त्यांचं नाव वीरण्णा, आम्ही अप्पा म्हणतो. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर आहेत. नांदेडच्या आमच्या अंगणात त्यांची 'गजराज' मोटारसायकल उभी असायची. काळी, लोखंडी, म्हशीसारखी जड. ती कंपनीच तशी, जुनी. अप्पांच्या तरुणपणापासून तोच आवाज आणि तेच वजन विकत आलेली. दर सोमवारी सकाळी कपाळाला विभूती लावून अप्पा तिच्यावर बसायचे आणि लातूरला जायचे. तिथं त्यांचे धाकटे भाऊ राहतात, संगमेश्वरकाका. काकांचं अर्धं अंग वारं जाऊन लुळं पडलंय. तेव्हापासून ते दाढी फक्त अप्पांच्या हातून करून घेतात. न्हावी बोलावला तर तोंड भिंतीकडं फिरवतात. त्यांच्या बायकोनं, सिंधुकाकूंनी, एकदा वस्तरा धरून पाहिला तर लेकरासारखे रडले. म्हणून सोमवार चुकायचा नाही.

"बसनं जा की अप्पा," माझा नवरा रविकिरण म्हणायचा.

"दुसऱ्यानं हाकलेल्या गाडीत मला मळमळतंय."

"जन्मभर लोकांना बसवलंच की तुम्ही एसटीत."

"त्यांला कुठं मळमळत होतं? मी हाकत होतो ना."

वाटेत अप्पांचे फोन यायचे. लोह्याच्या पुढं एक कडुलिंबाचं झाड आहे, तिथून पहिला. मग माळाकोळीच्या हॉटेलातून, मग अहमदपूरहून, मग चाकूरहून. प्रत्येक वेळी तेच वाक्य. "गाडीला दम देऊन राहिलो." हवेवर थंड होणारी गाडी ती, उन्हात तापायचीच. अप्पा बोट ओलं करून इंजिनाला लावायचे. चर्र झालं की सावलीत उभी करायची आणि आवाज यायचा बंद होईपर्यंत बसायचं. मला ते फोन आवडायचे. शिवमला भरवता भरवता मनातल्या मनात मी अप्पांना रस्त्यावर पुढं सरकवत राहायचे.

मग एका संध्याकाळी गजराज स्टँडवर घेताना अप्पांच्या हातून सुटली. शिवम तिच्या मागं मातीत खेळत होता. गाडी आडवी झाली ती त्याच्यापासून हातभर लांब. त्याला काही झालं नाही. मला झालं. त्यानंतर अंगणात काहीही वाजलं की माझा हात आधी शिवमकडं जायचा, आणि मग मी बघायचे की काय पडलं. अप्पांचे हात थरथरतात हे मी आधीच पाहिलं होतं. किक मारताना ते दोनदा थांबतात, हेही. मी रविकिरणच्या मागं लागले. "एक तर गाडी बदला, नाही तर सोमवार बंद करा."

नेमकं त्याच सुमारास त्या कंपनीनं छोटी गाडी काढली. हलकी, बटणावर चालू होणारी, आणि त्या कंपनीत कधी नव्हतं ते, पाण्यानं थंड होणारी. नांदेडच्या शोरूमला फुगे लावले होते. अप्पा दारातच उभे राहिले, जणू परक्या लग्नात आलेत.

"काका, लिक्विड कूल्ड आहे," सेल्समन म्हणाला. "कितीही पळवा, गरम होत नाही."

"पाण्याची इंजनं मी जल्मभर हाकली, बाबा. पर हिला कशाला पाणी? हिच्यात काय पन्नास पाशिंजर बसवायचेत?"

"लोकांना आता हलकी गाडी पाहिजे, काका. कंपनीला बदलावं लागतं."

"लोकच हलके झालेत."

सेल्समननं बटण दाबून दाखवलं. अप्पा वाट बघत राहिले. "कर की चालू."

"चालूच आहे, काका."

अप्पा वाकले, कान टाकीजवळ नेला आणि मग आमच्याकडं बघून असे हसले की माझा जीव भांड्यात पडला. जुनी गजराज आम्ही तिथंच एक्स्चेंजमध्ये दिली. ती ढकलत आत नेताना अप्पांनी तिच्याकडं पाठ केली आणि शिवमला आरसा दाखवत बसले.

पहिल्या सोमवारी लिंबाखालून फोन आला नाही. माळाकोळीहूनही नाही. मी घरात चकरा मारायला लागले, रविकिरणला ऑफिसात दोनदा फोन केला. तो वैतागला. तेवढ्यात अप्पांचाच आला, थेट लातूरहून. "पोचलो माय! एका दमात. कुठं थांबलोच न्हाई. काय गाडी हाय! घोटभर पाण्यावर पळती." मागून संगमेश्वरकाकांचा अर्धवट, ओला हसण्याचा आवाज येत होता. मी शिवमचे मुके घेतले. आत्याबाईंकडं जरा मिरवूनच बघितलं, खरं सांगायचं तर.

असे बरेच सोमवार गेले. अप्पा लवकर पोचत, लवकर परत येत. सगळ्यांना सांगत. गल्लीत त्यांचं नाव पडलं, "पाण्याच्या गाडीवाले अप्पा". मग उन्हाळा चढला. मला एक-एक दिसायला लागलं. परत आल्यावर ते चपला न काढता खुर्चीत बसत. चहा पुढं ठेवला तर त्यावर साय येईपर्यंत हात लावत नसत. आत्याबाई फडक्यात बांधून देत त्या दशम्या तशाच गाठीत परत येत. पाण्याची बाटली घरून भरून दिलेली, घरीच रिकामी व्हायची, मोरीत.

"अप्पा, जेवला नाहीत वाटेत?"

"भूक कुठं लागती उन्हात?"

मला वाटलं वय झालं, पचन बिघडलं. ईसबगोल आणून दिलं. शिवमला त्याच वेळी उन्हाळी लागली होती, रात्र-रात्र झोप नाही. माझं लक्ष दोन्हीकडं होतं आणि धड कुठंच नव्हतं. आत्याबाई मात्र सोमवारी दिवसभर दारातच बसून राहायच्या. गहू निवडायचं निमित्त.

मे महिन्यातल्या एका सोमवारी सिंधुकाकूंचा फोन आला. आवाज बसलेला.

"गीतांजली, भावजी आलेत. पर गाडीवरून उतरेनात."

"म्हणजे?"

"दारात हाईत. गाडी चालू हाय. हात सोडेनात हँडलचे. मी म्हनलं उतरा, तर मला म्हनत्यात, बाई, अहमदपूर आलं का?"

शेजारच्यांनी बोटं सोडवून त्यांना उतरवलं. मी, रविकिरण आणि शिवम मिळेल त्या जीपनं लातूरला गेलो. दवाखान्यात सलाईन चालू होतं. डॉक्टरांनी सांगितलं, ऊन लागलंय, अंगातलं पाणी आणि मीठ संपलेलं, आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. एवढं बोलून ते पुढच्या कॉटकडं गेले. अप्पांचे ओठ फुटले होते. त्यांनी मला ओळखलं आणि पहिलं विचारलं, "संगूची दाढी राहिली ना?"

त्यांच्या पिशवीतून मी बाटली काढली. काठोकाठ भरलेली. मला एकदम राग आला. दमलेल्या माणसाला येतो तसला राग, रडण्याच्या शेजारचा.

"पाणी का नाही प्यालात अप्पा?"

"चालत्या गाडीवर कसं पिऊ?"

"मग थांबायचं ना!"

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मी काहीतरी अडाणी बोलले असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"काहून थांबू? ती तापलीच न्हाई तर?"

शिवम माझ्या ओढणीला लोंबकळत होता. मी बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. लिंब, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. तिथं बोट ओलं करून इंजिनाला लावणारा माणूस बसायचा, चहा प्यायचा, दशमी खायचा, तंबाखू मळायचा, घामानं भिजलेला सदरा वाळवायचा. हे सगळं गाडीसाठी. स्वतःसाठी त्यांनी आयुष्यात ब्रेक लावला नव्हता. एसटीत होते तेव्हा स्टँड आलं म्हणून थांबायचे, आणि नंतर इंजिन तापलं म्हणून.

घरी आणल्यावर आत्याबाईंनी तांब्यात मीठ-साखर ढवळली आणि तांब्या अप्पांच्या हातात दिला. स्वयंपाकघरात मी आत्याबाईंना गाठलं. "तुम्हाला कसं माहीत होतं?"

"नवी नवरी व्हते तवा गजराजीवर मागं बसून माहूरला गेलते, रेणुकाईच्या दर्शनाला. माझी कंबर मोडली. म्हनलं थांबा, तर म्हनले, आता आलंच. तहान लागली म्हनलं, तर आता आलंच. मग म्या डोकं चालवलं. म्हनलं, अवो, इंजनाचा जळका वास यून राहिला." त्या पदरात हसल्या. "अस्सा करकचून ब्रेक! खाली बसून तपासून राहिले. म्या तवर हिरीवर जाऊन पानी प्याले, तोंड धुतलं. मग जल्मभर तेच केलं बघ. त्या गाडीला जितके येळा वास आला तितका तिच्यात दोष न्हवता."

"मग मला नीट का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की," त्या म्हणाल्या. रागावून नाही. त्याही दमल्या होत्या.

गाडी बंद करायची, असं रविकिरणनं ठरवलं. दोन सोमवार त्यानं रजा काढून अप्पांना बसनं नेलं. अप्पा खरंच ओकले, लोह्याच्या अलीकडं आणि पलीकडंही. मग रजा मिळेना. लातुरात काकांची दाढी वाढली, त्यांनी जेवण टाकलं. इकडं अप्पा सकाळीच विभूती लावून बंद फाटकाकडं तोंड करून बसायचे. एका घरात आणि दुसऱ्या घरात दोन म्हातारे असे बसलेले, आणि मधे आम्ही. शेवटी चावी मीच दिली. माझ्याच्यानं बघवेना.

मी आत्याबाईंची युक्ती करून बघितली. म्हटलं, "अप्पा, कंपनीचा फोन होता. नवीन इंजिन आहे, तासा-तासाला सावलीत उभी करा म्हणतात."

"पुस्तक वाचलंय मी तिचं. असं कुठं न्हाई." आणि मग हळूच म्हणाले, "मला लिंबाखाली बसवायला बघतीस व्हय? गाडी धड असताना मानूस नुसता बसलेला दिसला तर लोक काय म्हनतील? वीरण्णा थकला म्हनतील. तू शिवमकडं बघ, माय. लेकराकडं बघ."

मी दोघांकडंही बघते. पण लोह्याच्या पुढं माझी नजर पोचत नाही.

म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही त्या रस्त्यावर राहत असाल, माळाकोळीला, अहमदपूरला, चाकूरला, किंवा सोमवारी सकाळी तिकडून जात असाल, तर लक्ष ठेवा. राखाडी छोटी गाडी, हेल्मेटच्या काचेमागं विभूतीचे पट्टे, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हात करा. "थकलात का" असं चुकूनही विचारू नका, ते निघून जातील. गाडीचं विचारा. म्हणा, अप्पा, मला पण घ्यायचीय, कशी हाय ही? ते उतरतील. सावलीत उभी करून सगळं दाखवतील, पाण्याची टाकी कुठं, पंखा कुठं. तुम्हाला सगळं माहीत असलं तरी ऐका. चहा सांगा, आणि चहाच्या आधी तांब्याभर पाणी त्यांच्या हातात द्या. ते पितील, बोलण्याच्या नादात पितील. आणि जाताना त्यांना विचारा, आता पुढचं गाव कोणतं. उत्तर चुकलं तर त्यांना जाऊ देऊ नका. पिशवीच्या आतल्या बाजूला माझा नंबर लिहिलाय. मला फोन करा.